सतरा गाड्यांची परीक्षा

वाचनालयातल्या मित्रांनो, आजचाच अनुभव लिहून इथे भिंतीवर लावतोय.

अमळनेरच्या सरकी काढायच्या जिनात मी एक हंगाम कापूस पारखलाय. त्याच कामाची चांगली जागा आहे असं कळलं, म्हणून सकाळी जळगावच्या एका कापूस व्यापारी शेठकडे गेलो.

"आधी पारख करून दाखवा," शेठ म्हणाले.

दुपारपर्यंत सतरा गाड्या पाहिल्या. प्रत्येकीत खोल हात घातला, धागा ताणला, प्रत सांगितली. शेठनी त्याच प्रतीच्या भावानं सगळा माल घेतला. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "भाऊ, तुना हात पक्का शे."

शेवटची गाडी खाली झाल्यावर शेठ म्हणाले, "एकाच हंगामाचा अनुभव? तीन वर्षांनी या."

मग माझ्या शब्दावर सतरा गाड्या कशा घेतल्या हो?

तुमच्यापैकी कोणी उद्या तिथे जाणार असेल, तर गाड्या संपल्यावर जा. नकार तोच मिळेल, हात तरी दुखणार नाहीत.