घरच्यांचा गट

मिरजोळ्याच्या आमच्या कंपनीत नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला पाहिलं की माझं डोकं फिरतं. त्याने सगळ्यांचे दोन गट केलेत, हापिसातले आणि घरचे, म्हणजे घरून काम करणारे. घरच्यांचं काम जरा थांबलं की लॉगिन आपोआप बंद, आणि तेवढा वेळ गैरहजेरी. जयगडला घरून काम करणाऱ्या बाईंची रेंज सारखी जाते, की लॉगिन बंद. मग त्या फोन करतात आणि हा स्पीकर लावून विचारतो, "काय ओ बाई, परत डोळा लागला?"

काल बाईंना कामावर गैरहजर राहता म्हणून नोटीस गेली. मी त्याच्यावर ओरडलो, "आत्ताच्या आत्ता त्यांना हापिसच्या गटात घाला."

त्याने माउस हलवला.

"घातलं. तुम्ही साहेब, आधीच सांगायचं होतंत. पण फोन आला की तुम्ही पण हसायचात ओ."