शहाऐंशी बोल्ट

"शहाऐंशी बोल्ट! जमिनीने गिळले का?" शेठ ओरडत होता. आवाज असा की सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे दावी तोडून नंदुरबारला यायचे बाकी होते. समोर मिस्तरी उभा. तीस वर्षं आमच्या दुकानात कडबाकुट्टीची यंत्रं जोडणारा, हातात पाना.

साठ्यातली ही तूट माझ्या कॉम्प्युटरने काढली होती. म्हणजे मीच. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी गावभर सांगत फिरलो होतो, की आता सातपुड्यातले सागसुद्धा माझ्या परवानगीशिवाय पान गाळणार नाहीत. काम तसं सोपं. प्रत्येक यंत्राची यादी करून ठेवायची: पाती किती, बेअरिंग किती, बोल्ट किती. यंत्र जोडून झालं की एक बटण दाबायचं, तेवढा माल साठ्यातून आपोआप उतरतो. पात्याचा बोल्ट तर हाताच्या, मोटारीच्या, दोन्ही यंत्रांना एकच. दोन्ही याद्यांत मी चार-चार लिहिले आणि शेठला छातीठोक सांगितलं, यादी चुकली तर अर्धी मिशी उतरवून बाजारात फिरेन.

मिस्तरी त्या दिवशी माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला होता, "भाऊ, डोंगरवर जाणारी मशीनसंगे दोन बोल्ट जास्तीना जातस. लिखी ले."

थोरल्या शेठची ती पद्धत. वरच्या पाड्यावर बोल्ट तुटला तर एका बोल्टासाठी माणसाचा अख्खा दिवस जातो. म्हणून मिस्तरी दोन बोल्ट चिंधीत बांधून यंत्राच्या मुठीला लटकवायचा. थोरले शेठ गेले, धाकट्याला हे ठाऊक नव्हतं. मी हसलो होतो. म्हटलं, मिस्तरी, कॉम्प्युटरला चिंध्या कळत नाहीत.

त्रेचाळीस यंत्रं डोंगरावर गेली. हिशेब तुम्हीच करा. मी तर तिथल्या तिथे केला होता, शेठ ओरडत असतानाच.

शेठ "चोर" म्हणाला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यातली दोन रनाळ्याची, मिस्तरीच्या गावची. मिस्तरी शेठकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी बोलेन म्हणून थांबला होता. आणि मी, जो बोलायला लागलो की तापीचं पाणी उलटं वाहायला लावतो, तो पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत बसलो. मिशीची काळजी असेल. दुसरं काय सांगू.

त्याने पाना खिळ्याला टांगला, चपला घातल्या आणि गेला.

आठवडाभर मला घास गोड लागला नाही, आणि यात तसूभरही वाढवून सांगत नाही. शेवटी डोंगरी यंत्रांची वेगळी यादी केली. बोल्ट सहा. जुन्या नोंदी बदलल्या. तूट शून्यावर आली. शेठला सगळं सांगितलं. तो मोटारसायकलची किल्ली पुढे सरकवून म्हणाला, त्यांना घेऊन ये.

रनाळ्याला मिस्तरी अंगणात खाटेवर बसला होता. हात रिकामे. मी उभ्या उभ्याच सगळं ओकलो: चूक माझी, यादी माझी, गप्प बसलो तोही मीच. म्हटलं, चला, शेठ वाट बघतोय, दुकानात आता तुम्हाला कुणी चोर म्हणणार नाही.

तो म्हणाला, "गावमा समदा चोरच म्हनतस."