पॉइंट आठच का?

"तू सगळ्यांना चहा दे. कंट्रोलर मी समजावतो."

सर म्हणाले. सर म्हणजे माझे पीएचडीचे गाइड. समोर एका कंपनीचे तीन साहेब बसलेले. मी ट्रे उचलला. खरंच उचलला. त्याची लाज अजून जात नाही.

एका साहेबानं माझ्याकडे बघून विचारलं, "ये काम मॅडम ने किया है?"

"अरे नहीं भिया," सरच म्हणाले, "ये तो रिझर्वेशन कोटेवाली है. पूर्ण आकडे झेपत नाहीत यांना, म्हणून अपूर्णांकाचा विषय दिला."

तिघंही हसले.

चार वर्षं मी त्या लॅबमध्ये राबले. दोन टाक्या, एकमेकींना जोडलेल्या. पाण्याची पातळी सावरली की तापमान बिघडायचं, तापमान सावरलं की पातळी. साधा कंट्रोलर मागची प्रत्येक चूक सारख्याच वजनानं धरतो. माझा जुन्या चुकांचं वजन हळूहळू उतरवायचा. त्यासाठी इंटिग्रेशन, म्हणजे चुकांची बेरीज, पूर्ण एकदा न करता पॉइंट आठ इतकीच करायची. ज्या दिवशी दोन्ही टाक्या स्थिर झाल्या, त्या दिवशी मी आईला फोन केला. ती इथेच इंदूरात, पलासियाला एका क्लिनिकमध्ये फरशी पुसते. म्हणाली, "समझ में कुछ नहीं आया, पण तू खूश आहेस ना?"

आणि आता पडद्यावर नाव फक्त सरांचं. छापलेल्या पेपरवरही फक्त त्यांचंच.

सगळ्यात वयस्कर साहेबानं विचारलं, "पॉइंट आठच का? पॉइंट पाच का नाही?"

सर अडखळले. स्लाइड पुढे. स्लाइड मागे. मग माझ्याकडे वळले. "अगं, सांग ना त्यांना."

मी ट्रे खाली ठेवला.

"ज्यांचं नाव आहे, त्यांनी सांगावं."

एसी चालू होता, तरी सरांच्या मानेवर घाम. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

साहेब गेल्यावर सर ओरडले, "थीसिसवर सही माझी लागते! राजदरबारातलं घराणं आहे आमचं. तुझ्यासारख्या छप्पन्न बघितल्या."

माझ्या लॅबमधल्या प्रयोगांच्या वहीच्या पानापानावर त्यांचीच सही होती, तारखेसकट. दुसऱ्याच दिवशी सगळी वही स्कॅन करून विद्यापीठाला आणि जर्नलला पाठवली. चौकशी बसली. पेपर रद्द झाला. मला नवीन गाइड मिळाल्या.

परवा सरांनी कॉरिडॉरमध्ये गाठलं. "बेटा, रिटायरमेंट जवळ आलीये. आता बस कर. मुलीसारखी आहेस तू मला."

"नाही, सर. चोरीचं झालं. जातीवरून बोललात, त्याचं बाकी आहे."

तिथून मी सरळ पोलीस ठाण्यात गेले. तक्रार लिहून दिली. सर रिटायर होऊ देत. मी प्रत्येक तारखेला कोर्टात जाणार. त्यांनाही यावं लागेल.