खसाचं अत्तर आणि शेवटचा बाक

वायूचे कण बंदुकीच्या गोळीसारखे पळतात, हे मी स्वतः निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले होते. आता बिदरकडच्या शाळेत तेच मराठीतून शिकवत होते. नोकरी तात्पुरती. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी पसंत केलं तर कायम, नाहीतर माझे वडील, अप्पा, मला गावी निर्ण्याला नेऊन लग्न लावून देणार होते. मुलगाही बघून ठेवला होता, माझं मत कोण विचारतंय. मला ती नोकरी जिवापाड हवी होती.

तपासणीच्या दिवशी साहेब शेवटच्या बाकावर बसले. वारा नको म्हणून मी खिडक्या लावल्या, टेबलावर खसाच्या अत्तराची कुपी उघडली आणि म्हटलं, "वास आला की हात वर करा. आधी पुढच्यांना येईल, मग मागच्यांना."

झटकन हात वर झाले ते शेवटच्या बाकावरचे. पुढच्या पोरी नुसत्या नाक वर करून बसलेल्या.

खरं सांगते, भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं. असं कामून व्हावं? कुपी राहिली बाजूला, मी बाकाबाकाशी हुंगत निघाले. मधे वास नाहीच, मागे भरपूर. हुंगत हुंगत पोचले ती थेट साहेबांच्या कानापाशी. कानात अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया, तोही खसाचाच. आमच्याकडे उन्हाळ्यात बरा माणूस फाया लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गप्प बसावं तर शिकवलेलं खोटं पडतं, बोलावं तर नोकरी जाते. मी म्हटलं, "साहेब, वास तुमच्या कानातून येतोय. फाया बाहेर ठेवावा लागेल."

साहेबांनी मुकाट्यानं फाया काढून बाहेर पाठवला. मी कुपी बंद केली, खिडक्या उघडून आधीचा वास घालवला, त्या पुन्हा लावल्या आणि कुपी उघडली. या वेळी हात पुढून मागे, सावकाश वर गेले.

"गोळीसारखे पळतात, मग इतका वेळ का?" साहेबांनी विचारलं.

"जत्रेच्या गर्दीत कितीही पळा, पावलोपावली धक्के खाऊन वाट बदलतेच की."

ते हसले. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "बाईंना कायम करा."

ही हकीकत अप्पांपर्यंत गेलीच. रविवारी ते आले. परक्या पुरुषाचा कान हुंगला म्हणून आता आपली धडगत नाही, असंच मी धरून चालले. पण अप्पा म्हणाले, "पोराकडच्यांना न्हाई म्हून सांगून आलोय. आता मला सांग, त्ये कण दिसत न्हाईत, मग पळायलेत म्हून कळलं कसं?"