पुढे टाकलेला पास

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते, वर्धा जिल्ह्यात. आमच्या घरात फोनला रेंज मिळत नाही, म्हणून सकाळी अंगण झाडून झालं की मी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसायचे. त्या दिवशी तिथे बसले आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीमच्या ग्रुपवरचे मेसेज एकदम आले. खालून वर वाचत गेले, म्हणून आधी सगळ्यांचे हात जोडलेले दिसले आणि कोण गेलं ते सगळ्यात शेवटी कळलं. नाझनीनताई. डेंग्यू झाला होता, चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती... मला हे चार दिवससुद्धा माहीत नव्हते. मी तोच मेसेज तीनदा वाचला. शेतात निघालेल्या आईने रस्त्यावरून लांबूनच विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माझ्या कॉलेजातली एक मुलगी गेली. "एक मुलगी" असं का म्हटलं, तेव्हा कळलं नाही. तिला दुसरं काय म्हणायचं, ते मला आईला कधी समजावून सांगता आलंच नव्हतं.

रात्रभर रेल्वेने प्रवास करून पुण्याला पोचले, तोवर तिचं दफन होऊन गेलं होतं. भवानी पेठेतल्या तिच्या घरी गेले. खाली तिच्या वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान, वर दोन खोल्या. तिच्या अम्मींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, माझी उंचीच तेवढी आहे, आणि विचारलं, "ती पळणारी पोरगी तूच का?" मी मान हलवली. मग त्यांनी मला जवळ बसवलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मला असं लिहायची सवय नाही. पण ती कशी खेळायची हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे, असं वाटत राहतं. आणि दुसरीही एक गोष्ट सांगायची आहे.

माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतात, आई रोजाने शेतात जाते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पुण्यात आले तेव्हा मला एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे खो-खो. कॉलेजच्या मैदानावर मी पळताना खेळाच्या सरांनी पाहिलं, उंची विचारली आणि उद्यापासून बास्केटबॉलला ये म्हणाले. मी तोवर तो बॉल हातातसुद्धा धरला नव्हता. पळायचे मात्र जोरात. उडी अशी होती की पहिल्याच आठवड्यात बोर्डाला हात लावला, आणि मुली टाळ्या वाजवायला लागल्या. पण पळताना बॉल माझ्या पाठीत बसायचा. रोज बसायचा. मागून हाका यायच्या, "अगं बघ, बघ," आणि मी सरळ रिंगकडे पळत असायचे. मुली हसून हसून खाली बसायच्या.

नाझनीनताई तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. टीममध्ये सगळ्यात बुटकी, अंगाने जरा जड, चष्मा इलॅस्टिकने डोक्याला बांधलेला. ती पळायची म्हणजे भरभर चालायची एवढंच. उडी तर मारायचीच नाही. म्हणायची, वर काही काम नाही माझं. एक दिवस तिने मला बाजूला घेतलं. "तुझ्यामागे कुत्रं लागलेलं असतं का गं? एकदा तरी वळून बघ की."

मी आमच्या बोलीत सांगितलं, "खो-खोत वळलं का फाउल होते नं, ताई."

खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही, खांदेसुद्धा वळलेले चालत नाहीत. पाचवीपासून बारावीपर्यंत माझे खांदे तसेच शिकले होते. बाकी कुणी असतं तर हसलं असतं. ती हसली नाही. चष्मा काढून जर्सीला पुसत राहिली, जणू मी तिला गणित घातलंय. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "तू वळू नकोस. पळायचं तेवढं पळ. बॉल कुठे यायला हवा ते मी बघते."

त्यानंतर जे व्हायचं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. रिंगला लागून परतलेला बॉल आमच्याकडे आला की मी पळत सुटायचे, समोर फक्त रिंग. मागून तिचा आवाज यायचा, "खो!" आणि दोन पावलांनी उजवीकडून किंवा डावीकडून बॉल माझ्या डोक्यावरून पुढे पडायचा, एक टप्पा घ्यायचा आणि माझ्या हाताच्या उंचीला यायचा. मी त्याच्यापर्यंत पोचायचे की तो माझी वाट बघत असायचा, कुणास ठाऊक. मला फक्त तो धरून दोन पावलं टाकून वर जायचं असायचं. समोरच्या टीमला "खो" म्हणजे काय खूण आहे ते कळायचं नाही. एकदा त्यांच्या कोचने टाइमआउट घेऊन विचारलं म्हणे, या मुली नक्की काय खेळतायत. माझा वेग किती, मी दमले आहे का, आज माझा पाय दुखतोय का, हे सगळं त्या एका टप्प्यात धरलेलं असायचं. मी दमलेली असले की पास जरा आखूड पडायचा. मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

लोकांना माझी उडी दिसायची. एका स्पर्धेनंतर पेपरच्या पुरवणीत माझा फोटो आला, दोन्ही पाय हवेत, हात रिंगपाशी. मी तो गावी पाठवला. वडिलांनी जिनिंगमध्ये सगळ्यांना दाखवला. नाझनीनताईने तोच फोटो मला परत पाठवला आणि खाली लिहिलं, "चौकटीच्या बाहेर, डावीकडे, मी आहे. हात हलवते आहे." मी खूप हसले तेव्हा. आता तो फोटो बघते तेव्हा डावीकडच्या कडेकडेच बघत राहते...

मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत चौघी. ती प्रॅक्टिसनंतर तिथे यायची, माझे इंग्रजीतले फॉर्म भरायला बसायची आणि मालकीणबाईंशी अशा शुद्ध पुणेरीत भांडायची की त्या तिलाच आमची पुढारी समजायच्या. पाणी दुपारी का बंद करता, हे विचारताना ती आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायची. मी "मले" म्हटलं की बाकीच्या हसायच्या. ती म्हणायची, हसू नका, ती निदान एक भाषा तरी नीट बोलते. घरी मात्र तिला वेळेत पोचावं लागे. वडील दुकान बंद करून दारात उभे असत. तिला पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर नावाची फॉइल दाबायला येत असे. माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीवर तिने माझं नाव सोनेरी अक्षरांत दाबून दिलं होतं, आणि वर म्हणाली, आतलं अक्षर मात्र तुझंच आहे, त्याला माझा इलाज नाही.

आता ती दुसरी गोष्ट.

गेल्या वर्षी सरांनी खेळ बदलायचं ठरवलं. सगळीकडे आता वेगवान खेळ चालतो, पूर्ण कोर्टभर समोरच्यांना दाबायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही. त्याला पाचही जणी पळणाऱ्या लागतात. रिया नावाची नवी मुलगी आली होती, लहानपणापासून अकॅडमीत शिकलेली, दोन्ही हातांनी सारखं खेळणारी. चांगली मुलगी आहे. एका संध्याकाळी सरांनी प्रॅक्टिस थांबवली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, तुला बॉल कुणाकडून नीट मिळतो, नाझनीन की रिया?

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नाझनीनताई बाजूला वाकून बुटाची नाडी बांधत होती. मला उत्तर माहीत होतं. पण आमच्या घरात मोठ्या माणसाने विचारलं की आपली आवड सांगायची नसते. पाहुणे म्हणून गेलो आणि कुणी विचारलं, चहा घेतेस का सरबत, तर काहीही चालेल म्हणायचं, असं आईने शिकवलंय. आवड सांगणारी पोर आगाऊ. आणि मला भीतीही वाटत होती, हे कशाला लपवू. सरांच्या मनात रिया आहे हे दिसत होतं, आणि मला माझी जागा हवी होती. मी म्हटलं, "कोणीही चालेल, सर."

सरांनी मान हलवली. नाझनीनताईची नाडी बांधून झाली होती, तरी ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली. पुढच्या सामन्यापासून ती बेंचवर होती.

आम्ही जास्त सामने जिंकायला लागलो, हेही सांगितलं पाहिजे. सरांचं अगदी चुकलं होतं असं मला म्हणता येत नाही. पण रियाचा पास माझ्या हाताकडे यायचा, पुढे नाही, म्हणून मला वळायला शिकणं भाग होतं. ते मला कुणी शिकवलं? नाझनीनताईनेच. प्रॅक्टिस संपली की ती मला अर्धा तास थांबवून घ्यायची. मी पळायचं, ती मागून बोटं वर करणार, आणि मी पळता पळता मान वळवून किती बोटं आहेत ते सांगायचं. "शीक पटकन," म्हणायची, "माझ्यासारखी दुसरी मिळायची नाही, आणि मिळालीच तर सर तिला खेळवायचे नाहीत."

एकदा स्वारगेटच्या स्टॉपवर बसची वाट बघताना मी धीर केला. म्हटलं, "ताई, त्या दिवशी..."

"कुठल्या दिवशी?" ती म्हणाली. "माझे सगळेच दिवस वाईट चाललेत. नक्की कुठला ते सांग."

मी हसले. तिची बस आली, ती चढली. ते वाक्य तसंच राहिलं. नंतर किती वेळा भेटलो, एका ताटलीत पोहे खाल्ले, सुट्टीला जायच्या आदल्या दिवशीही भेटलो, चिवडा आण म्हणाली, आईच्या हातचा, दुकानातला नको. मी म्हटलं आणते. वाक्य दर वेळी तोंडापर्यंत यायचं आणि मला वाटायचं, घाई काय आहे.

पुण्याला परत आल्यावर आठवडाभराने मी सरांकडे गेले. ते कोर्टच्या कडेला एकटेच उभे होते. मी सांगितलं की त्या संध्याकाळी मी खरं बोलले नव्हते, मला नाझनीनताईच हवी होती. बोलताना रडू आलं, पण पूर्ण बोलले. सर म्हणाले, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ती स्वतः आली होती.

मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, सर, तिला सगळ्यांसमोर विचारू नका. ती सगळ्यालाच हो म्हणते. एकटीला विचारा, मग खरं सांगेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेल्या वर्षापासून सर कोणालाही सगळ्यांसमोर काही विचारत नाहीत. प्रत्येक मोठ्या स्पर्धेआधी एकेकीला मैदानाशेजारच्या साहित्याच्या खोलीत बोलावतात, आणि कुणाबरोबर खेळायचंय, कुठे अडतंय, ते विचारतात. आम्हाला वाटायचं ही त्यांची नवी पद्धत आहे. मलाही दोनदा बोलावलं होतं. जाळ्यांचा ढीग, हवा गेलेले बॉल, रबराचा वास, आणि समोर सर एकटेच. दोन्ही वेळा मी म्हणाले, तुम्ही ठरवाल ते, सर. दोन्ही वेळा नाझनीनताई बाहेर, बेंचवर बसलेली होती. मी बाहेर आल्यावर तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं होतं की नाही, हे मी आता आठवून बघत असते... आठवत नाही.

सरांचं बोलणं ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मागच्या आठवड्यात नव्या स्पर्धेसाठी सरांनी पुन्हा एकेकीला बोलावलं. माझी पाळी आली. मी आत जाऊन उभी राहिले. सरांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि नेहमीसारखं विचारलं, कुणाबरोबर खेळायला आवडेल.

मी म्हटलं, "आधी मागच्या वर्षीचं उत्तर देते, सर. नाझनीनताई."

सरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, परत घातला. बाहेर मुलींच्या बॉलचा आवाज येत होता. थोड्या वेळाने त्यांनी पेन पुन्हा उचललं.

"आणि या वर्षीचं?"

"रिया."

त्यांनी लिहून घेतलं. "बरं," म्हणाले, "पुढचीला पाठव."