मावशीच्या अंगठ्यातले नंबर

मावशीला एकही आकडा वाचता येत नव्हता, आणि टोळीतल्या अकरा बायकांच्या घरचे फोन नंबर तिला पाठ होते. तोंडपाठ नव्हेत. तोंडाने सांग म्हटलं तर ती हसायची. "मला काय इचारती? अंगठ्याला इचार," म्हणायची. मग कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढायची आणि त्याच्याकडे न बघता, नजर लांब उसावर ठेवून, अंगठ्याने टकटक दहा बटनं दाबायची. फोन बरोबर ज्याच्या त्याच्याच घरी लागायचा.

तिला सगळे बटनमावशी म्हणायचे. खरं नाव मुकादमाच्या यादीत होतं, तेवढंच. ती तलवाड्याची, मी दिंद्रुडकडची. दिवाळी झाली की आमची टोळी ऊस तोडायला कारखान्याकडे जायची आणि पाच-सहा महिने आमच्या दोघींच्या कोप्या शेजारी असायच्या. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची, उसाच्या वाळक्या पानांची, झोपडी. मधल्या पाचटातून तिचा खोकला मला ऐकू यायचा, माझ्या भाकरीचा वास तिला जायचा. नातं काही नव्हतं. तरी यंदा संक्रांतीपासून तिची रिंग यायची बंद झाली, तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही.

रिंगेचं सांगायला हवं. मावशीने आम्हा सगळ्या बायकांना एक रीत लावून दिली होती. एक रिंग वाजून बंद झाली तर सगळं ठीक आहे, उचलायचा नाही. दोनदा वाजली तर काम आहे, उलटा फोन करायचा. आमच्या बायकांच्या घरचे लोकही ही रीत पाळायचे. सकाळी उसाच्या फडात कोयते चालू असताना मावशीच्या कमरेत एक रिंग वाजून थांबायची. ती मोबाईल डोळ्याजवळ नेऊन शेवटचे दोन आकडे कसे दिसतात ते बघायची आणि ओरडायची, "ये शांते, तुझं पोरगं साळंत गेलं गं!" शांता मान हलवायची आणि पुढचा ऊस धरायची. कुणी एक शब्द बोललेलं नसायचं आणि सगळं कळलेलं असायचं.

तो मोबाईल बघण्यासारखा होता. मागचं झाकण निघू नये म्हणून रबर लावलेलं. पाचाच्या बटनाचं रबर कधीच निघून गेलेलं, तिथे नुसता खड्डा. त्या खड्ड्यात दाबायला ती तुरीची बारीक काडी वापरायची आणि ती काडी अंबाड्यात खोचून ठेवायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, बटन बसवून घे की."

"कावून? खड्डा गेल्यावर मला घर कसं घावंल? हितून वर, हितून खाली, हितून डाव्या हाताला. समदी वाट ह्या खड्ड्यापसून निघती."

एका साली तो बादलीत पडला. तिने बॅटरी नखाने काढली, दोन्ही पाचटावर उन्हात ठेवले आणि दिवस मावळताना बॅटरी बसवून त्याच्यावर बोलली. एकदा त्याच्यावर बैलाचा पाय पडला. बैलाला तिने शिव्या दिल्या, मोबाईल पुसला, चालू. एकदा चार्ज केला की चार दिवस बघायचं काम नाही. फडात लाईट कुठली, त्यामुळे हे चार दिवस आम्हाला फार वाटायचे.

मी चौथी शिकलेली. मला आकडे येत होते, चिठ्ठी वाचता येत होती, पण फोनवर बोलता यायचं नाही. समोरचं माणूस दिसत नाही म्हटल्यावर माझा घसा बंद व्हायचा. मावशी नंबर लावून माझ्या कानाला मोबाईल द्यायची, तिकडून माझी लेक स्वाती "आई, आई" करायची आणि मी नुसती हं हं करायची. मावशी कपाळावर हात मारायची. "ये मुके! तिकडून कुनी तुझं तोंड बगतंय का? त्वांड झाकायचं न्हाई, उघडायचं हाय!" बायका हसायच्या. मला तिचा राग कधी आला नाही. ती मुके म्हणायची त्यात माझी बाजू घेतल्यासारखं काहीतरी असायचं.

स्वातीला पहिल्यांदा दिवस गेले त्या साली जावयाने मला नवा मोबाईल आणून दिला. पूर्ण काच, बटन एकही नाही. "आई, यात स्वाती दिसंल तुम्हाला," म्हणाला. पोरगा मनाचा चांगला. माझा चेहरा समोर धरून त्याने मोबाईलला दाखवला, म्हणजे तो मला बघून उघडेल. स्वातीच्या घरच्या ओट्यावर तो झटकन उघडायचाही. मला फार कौतुक वाटलं.

फडात त्याचं कौतुक टिकलं नाही. ऊस तोडताना पानं लागू नयेत म्हणून आम्ही साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतो आणि डोक्या-तोंडाला फडकं गुंडाळतो. मोबाईल मला बघायचा आणि उघडायचाच नाही. फडकं काढलं तरी तोंडावर धूळ, घाम. तो म्हणायचा, परत प्रयत्न करा. बोटाने उघडावं तर बोटं कोयत्याने आणि पाचटाने चिरलेली, वरून उसाचा चिकटा. काचेला माझं बोट कळायचंच नाही. शांताने बोट ओलं करायला सांगितलं. दुसरीने डोक्याचं तेल लावून बघितलं. एकीने तर नाक लावलं, आणि कॅमेरा उघडून तिच्याच नाकाचा फोटो निघाला. दुपारपर्यंत त्याची बॅटरी संपायची.

मावशीने तो हातात घेऊन वरखाली केला. "लई देखना हाय. पर मुके, आमचा बैल बी मला फडक्यावरनं वळखतो. तुझाच मोबाईल अन तुलाच वळखंना?"

माघ महिन्यात एक दिवस सकाळी नवऱ्याच्या फोनवर जावयाचा फोन आला. स्वातीला कळा चालू झाल्या होत्या, माजलगावला दवाखान्यात नेलं होतं. तिचं बीपी वाढलं होतं आणि डॉक्टरांचं तोंड गंभीर होतं. जावई म्हणाला, दुपारपर्यंत आईच्या मोबाईलवर कळवतो. नवरा उसाची गाडी भरून कारखान्यावर गेला. तिकडे गाड्यांच्या रांगेत त्याचा फोन कधी लागायचा नाही. मी मोबाईल शर्टाच्या खिशात घालून ऊस तोडत राहिले. किती तोडला ते मला आठवत नाही.

दुपारी तो वाजला. काचेवर जावयाचं नाव आलं. उचलायला बोट बाजूला ओढायचं असतं. मी ओढलं. काहीच नाही. परत ओढलं. हात शर्टाला पुसला, तोंडातली थुंकी लावली, परत ओढलं. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा आला, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी फडक्याने काच पुसायला लागले. मधेच काच काळी झाली. बॅटरी संपली होती. जावयाचा नंबर त्या मोबाईलच्या आतच होता. मला तो पाठ नव्हता, कारण नवीन मोबाईल आल्यावर नाव दाबलं की फोन लागतो, नंबर कोण पाठ करतं?

मी फडाच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे पळाले. मोबाईल नुसता पुढे धरला.

"कुनाला लावू? स्वातीच्या घरवाल्याला?" तिने कोयता खाली टाकला. "त्याचा नंबर हाय माझ्याकडं. गेल्या साली धा येळा लावला असंल."

"आता येईल का गं तुला?" मला एवढंच विचारता आलं.

"मला न्हाई येनार." तिने डोळे मिटले. अंबाड्यातली काडी काढून दातात धरली. अंगठा बटनांवर फिरायला लागला. एकदा खाली, एकदा वर, परत वर. मधे थांबला. तिने दातातली काडी घेऊन खड्ड्यात दोनदा टोचली आणि शेवटची तीन बटनं एकदम दाबून टाकली. मोबाईल सरळ माझ्या कानाला लावला.

रिंग गेली. जावयाने उचलला. "मावशी का? आईला सांगा, मुलगी झाली. ऑपरेशन लागलं न्हाई. दोघी बऱ्या हायत."

मी हं केलं. परत हं. मावशीने कोपराने मला ढोसलं. "बोल की मुके! आज बी हं हं करती का?"

मी विचारलं, "स्वातीनं काही खाल्लं का?"

जावई हसला. म्हणाला, "आई, तुमचा आवाज पहिल्यांदा ऐकला फोनवर." मावशीने माझं तोंड बघितलं, तिला कळलं. ती उसाच्या मोळीवर बसली आणि फडक्याने आधी मोबाईल पुसला, मग डोळे.

त्या हंगामाच्या शेवटी मी माजलगावला बटनाचा मोबाईल घेतला. काचेचा घरी ठेवला, नातीला बघायला.

पुढे दोन हंगाम मावशी आली. मग तिचे गुडघे गेले. या दिवाळीला टोळी निघाली तेव्हा ती आम्हाला भेटायला फाट्यावर येऊन उभी होती. मला म्हणाली, "दर सोमवारी एक रिंग दीन. उचलायचा न्हाई. उचललास तर मी समजंन, मुकीला आता लई त्वांड फुटलं." तेव्हापासून दर सोमवारी सकाळी तिची एक रिंग यायची. मी ऊस सोडून क्षणभर उभी राहायची आणि परत कामाला लागायची.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी रिंग आली नाही. पुढच्याही नाही. मी फोन केला तर तिकडे वाजायचा, शेवटपर्यंत वाजायचा, कुणी उचलायचं नाही. तिचा मुलगा आणि सून पुण्याला, त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. माणूस गेलं तर घरचे लोक नात्यात कळवतात. फडातल्या शेजारणीला कोण कळवणार? मी हे कुणाजवळ बोलले नाही. दर सोमवारी फोन मात्र करायची. तो वाजून बंद व्हायचा.

टोळी गावी परतली त्याच आठवड्यात मी माजलगावला गाडी बदलून तलवाड्याला गेले. एकटी कधी गेले नव्हते. घर विचारायलाही मला उंबऱ्या-उंबऱ्यावर थांबावं लागलं. गल्लीत वळले आणि बघते तर मावशी दारात बसून तांदूळ निवडत होती. माझे पाय तिथेच थांबले. तिने वर बघितलं.

"आली का मुकी! मला वाटलं, मलाच इसरली."

मी रडत होते का हसत होते, मला कळलं नाही. तिने आत जाऊन एक काचेचा मोबाईल आणला. वर प्लास्टिक तसंच. मुलाने संक्रांतीला आणून दिलेला. "तुझा फोन यायचा दर सोमवारी. वाजताना दिसायचा. मी बोट घासू घासू दमायची. आता शेजारच्यांना रोज रोज कुठं म्हनू, उचलून द्या म्हनून? अन लावायचं म्हनलं तर ह्याच्यात खड्डाच न्हाई. सपाट. माझ्या अंगठ्याला एक बी मानूस सापडंना बग."

जुना मोबाईल पिठाच्या डब्यात होता. मी नखाने बॅटरी काढली. ती पुरीसारखी फुगली होती.

त्या दिवशी बाजार होता. दोन्ही मोबाईल घेऊन मी मोबाईलच्या दुकानासमोर बराच वेळ उभी राहिले. दुकानदाराने बॅटरी बघितली. "बाई, हे डबडं कुठून काढलं? याच्या बॅटऱ्या येतच न्हाईत आता. नवीन घ्या. नव्यात बॅटरी काढायचं कामच न्हाई, आतच असती."

एरवी मी मान हलवून परत फिरले असते. "आतली मेली तर मग मोबाईल टाकायचा का?" मी म्हटलं. आवाज मोठा झाला होता, दोन माणसांनी वळून बघितलं. "तुम्ही खालचा खण बघा आधी."

त्याने बघितला. धुळीतून तशीच एक बॅटरी निघाली. काचेच्या मोबाईलमधलं सिम बारीक होतं, त्याला त्याने बाजूने प्लास्टिकची चौकट लावून दिली. मी म्हटलं, मधलं बटन बसवू नका. तो माझ्याकडे बघतच राहिला.

परत येऊन मोबाईल चालू केला तेव्हा मावशीने तो कितीतरी वेळ नुसता हातात धरला. अंगठा त्या खड्ड्यावर ठेवला, जसा जात्याचा खुंटा धरतात तसा. मला एसटीत बसवायला ती गुडघे धरत फाट्यापर्यंत आली. "सोमवारी," एवढंच म्हणाली.

सोमवारी स्वाती नातीला घेऊन आली होती. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मोबाईल फडताळात वाजला.

"आई, फोन वाजतोय. उचल की!"

"उचलायचा न्हाई," मी म्हटलं.

एक रिंग झाली आणि थांबली. मी तव्यावरची भाकरी उलटली.