तेवीस नंबरची पेटी

बाईंना मी शेवटची भेटले त्या दिवशी त्यांनी मला एक प्रश्न विचारला आणि मी खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी खडकीच्या बसथांब्यावर उभी होते, तेव्हा त्यांच्या मुलीचा, रेवाचा, फोन आला. "मावशी, आई गेली." एवढंच म्हणाली. बस समोर येऊन थांबली. कंडक्टरने दोनदा विचारलं, चढायचंय का, तशी मी चढले आणि रोजच्यासारखी खिडकीजवळ बसले. कर्वेनगर येईपर्यंत बाई गेल्या हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. एवढंच फिरत होतं की आता ते खोटं दुरुस्त करायला माणूस उरलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी बाई उशीला टेकून बसल्या होत्या. महिनाभर हृदयाचं दुखणं चालू होतं, रेवा रजा घेऊन येऊन राहिली होती, बाईंचा आवाज बारीक झाला होता. मी चहा दिला. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "कमल, आम्ही पठाणकोटला निघालो त्या दिवशी स्टेशनवर फार गर्दी होती ना गं?" मी पाठ वळवून टेबल पुसायला लागले. म्हटलं, "मला काय माहीत बाई, मी कुठं होते तिथं." त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "हो, खरंच. साखर कमी आहे." साखर बरोबर होती.

मी तिथं होते. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण मी तिथं होते.

बाईंचे यजमान सैन्यात मेजर होते. तेव्हा ते खडकीला सरकारी बंगलीत राहायचे आणि मी आईजवळ तिथेच पलीकडच्या वस्तीत. माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात हमाल होते, ते लवकर गेले. माझी शाळा चौथीत सुटली. लग्न झालं, दीड वर्षात परत आले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मला माणसांची फार भीती वाटायची. दुकानात गेले तरी दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत मी बाहेर उभी राहायची. बाईंकडे कामाला लागले त्या दिवशी शेजारच्या बायकांचं ऐकून मी त्यांना मेमसाब म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझं माहेर सदाशिव पेठेत आहे. मेमसाब म्हणशील तर चहा बंद. बाई म्हण." त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तू मुकी आहेस की माझ्यावर रागावली आहेस? मुकी असशील तर मान हलव." मला हसू आलं. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

तीन वर्षं मी त्या घरात होते. मी लागले तेव्हा रेवा एक वर्षाची होती, ती माझ्याच कडेवर मोठी झाली. त्या घरासारखं घर मी पाहिलं नव्हतं. बसायला दिवाण होता, पण तो दिवाण नव्हताच, सामानाच्या चार पेट्या एकमेकींना लावून वर गादी टाकलेली. पडदे खालून वीतभर दुमडून शिवलेले. मी विचारलं, कापून का टाकत नाही? बाई म्हणाल्या, "पुढच्या घराच्या खिडक्या केवढ्या असतील हे सरकार मला आधी कळवत नाही." सगळ्या पेट्यांना काळा रंग, त्यावर पांढऱ्या रंगात साहेबांचं नाव आणि नंबर, एक ते बावीस. एक नंबरच्या पेटीत स्टोव्ह, चहा, साखर, कप आणि काडेपेटी. नव्या गावी गेल्यावर ती आधी उघडायची. प्रत्येक पेटीत काय आहे याची यादी बाई स्वतःच्या हाताने करायच्या, आणि ती फाइलला लावून ठेवायच्या.

पठाणकोटची बदली आली तेव्हा बाईंनी मला विचारलं, येतेस का. म्हणजे विचारलं असं नाही. बाजारातून एक पत्र्याची पेटी आणली, तिला काळा रंग दिला, वाळल्यावर खुर्ची ओढून बसल्या आणि ब्रशने तेवीस घातला. म्हणाल्या, "आता तू यादीत आलीस. तुला पळून जाता यायचं नाही." मी घरी जाऊन आईला सांगितलं. मला वाटलं आई नको म्हणेल. आई म्हणाली, "जा की. हितं काय हाय तुझं? मी हाय तशीच ऱ्हाईन." मी पेटीत दोन साड्या ठेवल्या, बाईंनी थंडीसाठी दिलेली घोंगडी, आईने दिलेला तांब्या आणि माझं चौथीचं प्रगतिपुस्तक. ते कशाला ठेवलं, माहीत नाही. माझ्याजवळ माझं नाव लिहिलेला तेवढाच कागद होता. कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली. ट्रक निघायच्या आधी दोन दिवस आम्ही घर धुतलं. पंखे, दिवे, नळ मोजून परत द्यायचे असतात. भिंतीतले खिळे काढून ती भोकं मी टूथपेस्टने बुजवली. बाई म्हणाल्या, "बघ, आपण इथे राहिलोच नव्हतो." ट्रकमध्ये तेवीस पेट्या चढल्या, सगळ्यात शेवटी माझी.

तीन दिवसांनी गाडी होती. साहेबांचं कुटुंब अधिकाऱ्यांच्या मेसच्या खोलीत होतं, मी घरून परस्पर स्टेशनवर यायचं ठरलं होतं. मी वेळेच्या आधी अर्धा तास पोचले. निळी साडी नेसले होते, हातात एक पिशवी. फलाटावर साहेबांना निरोप द्यायला पंधरा-वीस माणसं आली होती. हार होते. हिंदी चाललं होतं, इंग्रजी चाललं होतं, बायका मोठ्याने हसत होत्या. मी एका खांबाजवळ थांबले, म्हटलं माणसं पांगली की जाईन. मग वाटलं, तिथे गेल्यावर सगळी माणसं अशीच असणार, आणि मला ओळखणाऱ्या फक्त बाई. त्या एखाद दिवशी माझ्यावर चिडल्या तर मी कुणाकडे बघू? मी खांबाच्या मागे सरकले. रेवा विचारत होती, "कमलमावशी कुठंय?" तिचा आवाज त्या गर्दीतूनही मला नीट आला. बाई डब्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, सगळीकडे बघत होत्या. साहेब आतून बोलावत होते तरी त्या हलल्या नाहीत. दहा पावलांवर होत्या. माझा पाय उचललाच नाही... गाडी सुटली. मी घरी आले तेव्हा आई भाकरी करत होती. माझ्याकडे बघितलं आणि परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घातलं.

मी पोस्टकार्ड लिहिलं, आईला अचानक बरं नाही म्हणून येता आलं नाही. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. "आईला जप. तुझी पेटी सुखरूप पोचली. तिला इथली थंडी मानवते असं दिसतं." पुढच्या हिवाळ्यात आई खरंच आजारी पडली. ती त्यातून उठली, पण माझ्या मनात घर करून राहिलं की ते मी लिहून आणलं. पेटी परत मागायचं मला धाडस होत नव्हतं. एकदा दिवाळीच्या पत्रात विचारलं, तर बाईंनी लिहिलं, "पाठवायचं भाडं पेटीहून जास्त आहे. येऊन घेऊन जा." ते बोलावणं होतं हे मला कळत होतं. मी गेले नाही. पठाणकोटहून ते जोधपूरला गेले, तिथून तेजपूर, मग झाशी. दर बदलीनंतर कार्ड यायचं, नवा पत्ता आणि खाली एक ओळ, पेटी पोचली. मी इथेच होते. चार घरची भांडी घासत होते, आईचं करत होते. पुढे आईही गेली. घरात कोणी हाक मारणारं उरलं नाही. कधीकधी भाकरी थापताना मनात यायचं, माझं सामान आत्ता तेजपूरला आहे. बरं वाटायचं, आणि मग फार एकटं वाटायचं.

सात वर्षांपूर्वी एके सकाळी दारात रिक्षा थांबली. बाई उतरल्या, केस पांढरे झालेले. रिक्षावाल्याने पेटी उचलून उंबऱ्यात ठेवली. बाई म्हणाल्या, "घे तुझी. चार राज्यं फिरून आली आहे, तुझ्यापेक्षा शहाणी झाली असेल." पेटीवर प्रत्येक गावाचं नाव घातलं होतं, त्यावर काळा रंग मारून पुढचं गाव. रंग जाड झाला होता. तेवीस मात्र तोच होता, दर वेळी त्यावर नवा पांढरा रंग फिरवलेला. कुलूप माझंच होतं, कोणी उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, तेव्हा आईला..." त्यांनी मध्येच विचारलं, "उद्या सकाळी आठला येशील? कर्वेनगरला फ्लॅट घेतला आहे. साहेबांना तुझ्या हातची आमटी अजून आठवते, माझी त्यांना आठवत नाही." मी हो म्हटलं. तेव्हाच पुढचं बोलायला हवं होतं.

साहेब दोन वर्षांत गेले. रेवा आधी शिकायला, मग नोकरीला बंगळुरूला. मग त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच, सकाळी आठ ते दुपारी चार. स्वतःचं घर होतं, तरी पेट्यांचा दिवाण तसाच, पडदे तसेच दुमडलेले. मी म्हटलं, आता तरी कापा. बाई म्हणाल्या, "अजून एक बदली बाकी आहे." त्यांचे डोळे अधू झाल्यावर रविवारची पुरवणी मी वाचून दाखवायची. माझं वाचन हळू, जोडाक्षरांत अडखळायची, त्यांनी कधी घाई केली नाही. गेलेल्या माणसांवरचे लेख आले की मात्र त्या चिडवायच्या. "इतकी चांगली माणसं जिवंतपणी कुठे लपलेली असतात गं? माझ्यावर कोणी लिहिलं तर लिहा म्हणावं, ही बाई फार बोलायची आणि लागेल असं बोलायची." बाई, लिहिलं. पण हेही लिहिते की सात वर्षांत मला लागेल असं तुम्ही एकदाही बोलला नाहीत. मला ते बोलणं हवं होतं. रोज बसमध्ये मी ठरवायची, आज सांगेन, आईला काही झालं नव्हतं, मी घाबरले होते. वारज्याकडे जाणारी ती बस गर्दीने भरलेली असायची, तिच्यात मी वाक्य जुळवायची. दार उघडून बाई म्हणायच्या, "आलीस? मला वाटलं तुला पठाणकोटला नेलं." आणि वाक्य राहून जायचं.

तेराव्यानंतर रेवा घर आवरायला थांबली. फ्लॅट विकायचा होता. दिवाणाची गादी उचलून तिने पेट्या उघडल्या, तर एक नंबरच्या पेटीत स्टोव्हच्या खाली ती फाइल निघाली. रेवा जमिनीवर बसून चाळत होती. मग म्हणाली, "मावशी, यात तुझं नाव आहे." मी हात पुसून जवळ बसले. सगळ्यात वर शेवटची यादी, झाशी ते पुणे. "२३. कमल. स्वतः नेऊन देणे." त्याखाली झाशीला जातानाची, तेजपूरची, जोधपूरची. प्रत्येकीत तेच, "२३. कमल. मागून येणार." साहेब पुढे जायचे तेव्हा बाई स्वतःबद्दल असंच म्हणायच्या, कुटुंब मागून येणार. सगळ्यात तळाला खडकीची पहिली यादी होती. पिवळा कागद, बाईंचं ठसठशीत अक्षर. तेवीसच्या पुढे वेगळ्या शाईने लिहिलं होतं, ते मी एक एक अक्षर लावून वाचलं. "कमल स्टेशनवर आली होती. खांबामागे, निळी साडी. हाक मारली नाही."

रेवाने विचारलं, "म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "म्हणजे तेच, जे लिहिलंय ते." आणि मग मी तिला सगळं सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, आणि जिला सांगायचं ती नव्हती. रेवा माझा हात धरून बसली. ती चांगली मुलगी आहे. पण मला सारखा तो चहा आठवत होता. बाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांना काही नवीन ऐकायचं नव्हतं, फक्त मी एकदा खांबाच्या पुढे यावं एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी जाता जाता त्यांनी स्वतः विचारलं. तेव्हा तर त्या दहा पावलांवरही नव्हत्या, हाताच्या अंतरावर होत्या. त्यांनी स्टेशनवर हाक मारली असती तर मी गेले असते, कायमची गेले असते. का मारली नाही, ते त्यांनी कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही.

मागच्या रविवारी रेवा गेली. सामान नेणारी माणसं खोकी घेऊन आली, जुन्या पेट्या एका शाळेला दिल्या. पडदे काढताना मी दुमड उसवून पाहिली. आतलं कापड अगदी नवं होतं, त्याला कुठलंच ऊन लागलेलं नव्हतं. गाडी निघाली तेव्हा मी फाटकाच्या मधोमध उभी होते. रेवाने मागे वळून हात केला, मीही केला, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

ती यादी रेवाने मला दिली. माझ्या खोलीत पेटी खाटेशेजारी आहे. सात वर्षं मी तिची नंबराची बाजू भिंतीकडे करून ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारू नये म्हणून, आणि मलाही दिसू नये म्हणून. परवा तिच्यावरचं सामान काढलं, यादी आत प्रगतिपुस्तकात ठेवली आणि पेटी ओढून फिरवली. जड नव्हती. अजूनही सकाळी सहाला जाग येते, बसच्या वेळेला. उठून कुठे जायचं नसतं. खिडकीतून उजेड येतो तो आधी तेवीसवर पडतो, आणि मी पडल्या पडल्या तिकडे बघत राहते.